आयावास्का सेरेमनीत फॅसिलिटेटर व्हायचं असेल तर

तुझा प्रश्न थोडक्यात असा: वय 29, पुण्यात आयटीत नोकरी, पेरूला जाऊन चार वेळा आयावास्का (अॅमेझॉनच्या जंगलातला, भान बदलणारा काढा) घेतलं, वडील गेल्यापासून छातीवर बसलेलं दुःख तिथे मोकळं झालं, आता नोकरी सोडून फॅसिलिटेटर व्हायचंय, चार आठवड्यांचा एक ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स सापडलाय तो करू का, आणि नंतर भारतात सेरेमनी घेता येतील का.

कोर्स करू नकोस. आणि भारतात सेरेमनी घ्यायचा विचार डोक्यातून काढून टाक, त्याचं कारण पुढे सांगते. पण तू मनापासून विचारलंयस, आणि नऊ वर्षांपूर्वी मीही असाच प्रश्न घेऊन तिकडे गेले होते, म्हणून बाकीचं नीट सविस्तर लिहिते.

मी मूळची साताऱ्याची, नर्सिंग केलेलं, सहा वर्षं आयसीयूत काढली. त्यानंतर पेरूच्या उकायाली भागात, पुकाल्पाच्या जवळ, एका शिपिबो (तिथली आदिवासी जमात) कुटुंबाच्या सेंटरवर काम करत आलेय. वर्षातले सात-आठ महिने तिथे, बाकीचे घरी. मी सेरेमनी "घेत" नाही. सेरेमनी माएस्त्रा (म्हणजे उपचार करणाऱ्या गुरू, पुरुष असेल तर माएस्त्रो) घेतात, मी त्यांच्या हाताखाली असते. हा फरक आधी डोक्यात पक्का बसायला हवा कारण बहुतेक लोक इथेच घसरतात.

फॅसिलिटेटर हा शब्द तिथला नाहीच मुळी. शिपिबो भाषेत उपचार करणाऱ्याला ओनान्या म्हणतात, म्हणजे ज्याला ठाऊक आहे तो. आपण सगळीकडे जो शामन शब्द वापरतो तो सायबेरियाकडचा, अॅमेझॉनशी त्याचा काही संबंध नाही. आणि जुन्या पद्धतीत बहुतेक वेळा पेशंट औषध प्यायचाच नाही, ओनान्या प्यायचा, त्याला पेशंटचं दुखणं "दिसायचं", आणि तो त्याच्यावर इकारो म्हणायचा, म्हणजे उपचाराची गाणी. आपल्याकडे वैद्य नाडी बघतो, पेशंट स्वतःची नाडी बघत बसत नाही, तसंच काहीसं. परदेशी लोक येऊन स्वतः प्यायला लागले तेव्हा एका मालोकात (म्हणजे सेरेमनीची ती मोठी गोल झोपडी) वीस-वीस अनोळखी माणसं, वेगवेगळ्या भाषेची, वेगवेगळ्या गोळ्या खाणारी, अंधारात एकत्र बसायला लागली, आणि मग त्यांच्याकडे बघायला कोणीतरी लागलं. ते कोणीतरी म्हणजे फॅसिलिटेटर. ही भूमिका पाहुण्यांसाठी तयार झालेली आहे, ती परंपरेची एखादी पायरी नाही जी चढून तू पुढे ओनान्या होशील. ओनान्या व्हायचं असेल तर तो वेगळाच रस्ता आहे, त्यात अनेक वर्षं एकेका झाडासोबत पथ्यात काढावी लागतात, आणि शिपिबो मुलं तो लहान वयात आजी-आजोबांकडे सुरू करतात.

आता काम काय असतं ते सांगते.

साधारण आठला सगळे आत येतात. प्रत्येकाला गादी, उशी, पांघरूण, टिश्यू आणि बादली. माएस्त्रा मापाचोचा (तिकडचा जंगली तंबाखू, आपल्या तंबाखूपेक्षा खूप कडक) धूर बाटलीवर फुंकतात, एकेकाला बोलावून कप देतात, मग दिवे बंद. पहिला अर्धा-पाऊण तास काही होत नाही, फक्त बेडूक आणि किडे ओरडत असतात. मग कोणीतरी पहिली उलटी करतं आणि त्या आवाजाने आणखी दोघांना होते. मग इकारो सुरू होतात, माएस्त्रा बारीक उंच आवाजात एकेकाच्या समोर बसून गातात, प्रत्येकाला वेगळं. हे चार-पाच तास चालतं. या वेळात मी काय करते तर बादल्या रिकाम्या करून धुऊन परत ठेवते, ज्यांना टॉयलेटला जायचंय त्यांना कोपराला धरून नेते, बाहेर उभी राहते, परत आणून त्यांच्याच गादीवर बसवते. कोणी रडत असेल तर बहुतेक वेळा काहीच करत नाही, फक्त दोन हात अंतरावर बसून राहते. हे काहीच न करणं शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. नर्सचा हात आपोआप पुढे जातो ना. पण त्या अवस्थेत माणसाच्या खांद्यावर नुसता हात ठेवला तरी त्याला तो डोंगराएवढा वाटू शकतो, आणि माएस्त्रा त्याच्यावर काम करत असताना मी मध्ये पडले तर त्यांच्या कामात अडथळा होतो. एकदा त्यांनी मला सेरेमनी संपल्यावर शांतपणे विचारलं होतं, तो रडत होता ते तुला सहन होत नव्हतं की त्याला? त्यानंतर मी हात मागे ठेवायला शिकले.

आणि हो, काम करणारा त्या रात्री पीत नाही. काही सेंटरवर फॅसिलिटेटर थोडं घेतात, "एनर्जीत राहायला" म्हणून. माझं मत स्पष्ट आहे, वीस माणसांमागे किमान दोन जण पूर्ण शुद्धीत पाहिजेतच, एक बाई एक पुरुष. उलटी करताना कोणी उताणा पडला तर त्याला कुशीवर वळवायला लागणारे पाच सेकंद हे शुद्धीतल्या माणसाचेच असतात.

पण खरं काम रात्री नसतंच, ते त्याच्या आधी दोन महिने असतं. स्क्रीनिंग. तुझ्या त्या कोर्सच्या विषयांच्या यादीत स्पेस होल्डिंग आहे, ब्रेथवर्क आहे, साउंड हीलिंग आहे, औषधांच्या रिअॅक्शनवर एक ओळ नाही, म्हणून मी पहिल्याच वाक्यात नको म्हटलं.

हे नीट समजून घे. काढ्यात दोन मुख्य गोष्टी असतात. एक वेल, तिलाच क्वेचुआ भाषेत आयावास्का म्हणतात, शिपिबोत ओनी. दुसरी चाक्रुना नावाच्या झुडपाची पानं. पानात डीएमटी नावाचं, नसलेलं दिसायला लावणारं रसायन असतं पण ते नुसतं तोंडाने घेतलं तर पोटातलं आणि यकृतातलं मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम ते मोडून टाकतं, काही होत नाही. वेलीत हार्मिन, हार्मालिन वगैरे असतात, ते या एन्झाइमला काही तास बांधून ठेवतात, म्हणून डीएमटी मेंदूपर्यंत पोचतं. जंगलातल्या हजारो वनस्पतींतून या दोघांची जोडी लोकांना कशी सापडली याचं मला आजही नवल वाटतं. पण नर्स म्हणून मला दुसरंच दिसतं, की ज्या माणसाचं हे एन्झाइम बंद केलंय त्याच्या शरीरात सेरोटोनिन वाढवणारी आणखी कुठली गोळी असेल तर सेरोटोनिन सिंड्रोम होऊ शकतो. ताप, घाम, हातपाय ताठ होणं, थरथर, बेभान होणं, आणि वेळेत उपचार नाही मिळाले तर मृत्यू. डिप्रेशनच्या एसएसआरआय गोळ्या सगळ्यांना माहीत असतात, पण आपल्या लोकांच्या बॅगेत आणखी काय काय असतं बघ: पाठदुखीसाठी ट्रामाडोल, खोकल्याचं डेक्स्ट्रोमेथॉर्फनवालं सिरप, सर्दीची स्यूडोएफेड्रिनची गोळी (हिचा धोका वेगळा, बीपी एकदम चढतं). आणि लोक याला औषध समजतच नाहीत! फॉर्मवर "कुठलीही औषधं घेत नाही" लिहितात आणि बॅगेत सिरपची बाटली.

एक प्रसंग सांगते. माझं तिसरं वर्ष, मी तेव्हा एका वेगळ्या सेंटरवर होते, नाव घेत नाही. चाळिशीतला एक माणूस, फॉर्म स्वच्छ, बोलायला गोड. संध्याकाळी सहाला, म्हणजे सेरेमनीच्या दोन तास आधी, मी प्रत्येकाचं बीपी घेत होते, त्याचं घेताना सहज विचारलं, झोप कशी लागते? तो म्हणाला आता बरी लागते, गोळी सुरू केल्यापासून. कुठली गोळी? त्याने पाउचमधून स्ट्रिप काढली, सर्ट्रालिन, म्हणजे एसएसआरआयच, त्या दिवशी सकाळीसुद्धा घेतलेली. म्हणाला, फॉर्ममध्ये लिहिलं तर तुम्ही येऊ देणार नाही अशी भीती वाटली. मी सेंटरच्या मॅनेजरला सांगितलं, तर मॅनेजरचं म्हणणं की पैसे भरलेत, लांबून आलाय, त्याला अर्धा कप देऊ. मी नाही म्हटलं, पाच मिनिटं भांडण झालं, शेवटी मी सरळ माएस्त्रोंकडे गेले आणि मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितलं, त्यांनी मान हलवली आणि त्याला कप दिला नाही, त्याच्यावर फक्त इकारो गायले. त्याला ती रात्र चांगली गेली. मी मात्र महिन्याभरात ते सेंटर सोडलं. तेव्हापासून मी लेखी फॉर्मवर कधीच विसंबत नाही, फोनवर अर्धा तास बोलते आणि झोपेबद्दल, खोकल्याबद्दल, गुडघ्याबद्दल विचारते, "औषध" हा शब्द न वापरता.

बायपोलर असेल, कधी सायकोसिसचा एपिसोड आला असेल, किंवा आईवडील-भावंडांत कोणाला स्किझोफ्रेनिया असेल तर नाही म्हणायचं. बीपी कंट्रोलमध्ये नसेल, हार्टचा त्रास असेल, प्रेग्नन्सी असेल, तर नाही. लिथियम चालू असेल तर नाही, त्याने फिट येऊ शकते. आणि "मग मी गोळ्या बंद करतो" असं कोणी म्हणालं तर तो निर्णय त्याचा आणि त्याच्या सायकिअॅट्रिस्टचा, आपण त्यात "दोन आठवडे बंद कर" असं काहीही सांगायचं नाही. फ्लुऑक्सेटिनसारखी गोळी शरीरातून जायला पाच-सहा आठवडे लागतात, आणि गोळी अचानक सोडून माणूस घरी कोसळला तर ते पाप आपल्या माथी.

माझ्या मते चांगला फॅसिलिटेटर "नाही" किती वेळा म्हणतो यावरून ओळखावा.

आता दिएताबद्दल, कारण तू विचारलंयस की ट्रेनिंग कुठे मिळतं. दिएता म्हणजे आपलं पथ्यच, पण त्यात झाड हा गुरू. एक झाड घ्यायचं, बोबिन्साना असो, आहो साचा असो, त्याचा काढा माएस्त्रा देतील तसा प्यायचा, आणि तांबोत म्हणजे जंगलातल्या छोट्या झोपडीत एकटं राहायचं. मीठ नाही, साखर नाही, तेल-तिखट नाही, डुकराचं मांस नाही, दारू नाही, शारीरिक संबंध नाहीत, साबण-शाम्पूसुद्धा नाही. खायला भाजलेली किंवा उकडलेली हिरवी केळी आणि बोकिचिको नावाचा नदीतला मासा, काट्यांनी भरलेला. माझी पहिली दहा दिवसांची होती. चौथ्या दिवशी मला आईच्या हातच्या आमटीचा वास यायला लागला, खराखुरा, फोडणीसकट, आणि मी केळ्याचा तुकडा हातात धरून रडले. सातव्या दिवशी रडणं थांबलं आणि पावसाआधी पानांचा आवाज बदलतो ते ऐकू यायला लागलं. याच्यापेक्षा मोठा दावा मी करणार नाही. पण पाहुणा जेव्हा सहाव्या दिवशी मीठ मागतो, चिडतो, तेव्हा त्याच्यासमोर बसून राहायची ताकद मला त्या दहा दिवसांनी दिली, कुठल्या सर्टिफिकेटने नाही.

(लोक दोन गोष्टींची गल्लत करतात म्हणून सांगते. चीज, आंबवलेलं खाऊ नका ही यादी मुख्यतः एमएओ (वर सांगितलेलं तेच एन्झाइम) रोखणाऱ्या जुन्या गोळ्यांवरून आली आहे. मीठ, डुक्कर, संबंध हे पथ्य झाडासाठी आहे. दोन्ही पाळायचं, पण कुठलं का ते माहीत पाहिजे.)

भाषा. तुला स्पॅनिश येत नाही असं तूच लिहिलंयस. मग आज तू फॅसिलिटेटर होऊच शकत नाहीस, इतकं साधं आहे. रात्री दोनला माएस्त्रा म्हणाल्या की त्या मुलीला तोएचं काहीतरी दिसतंय, आधी कुठे प्यायली होती विचार, तर तुला ते जागच्या जागी कळलं पाहिजे. तोए म्हणजे ब्रुग्मान्सिया, आपल्या धोत्र्याच्या नात्यातलं, काही जण ते काढ्यात घालतात जेणेकरून जास्त "दिसावं". धोत्र्याने काय होतं ते आपल्याकडच्या खेड्यात कोणालाही विचार. तोंड कोरडं पडतं, माणूस नसलेल्या लोकांशी तासन्‌तास बोलतो, उठून जंगलात चालायला लागतो. काढ्यात काय काय आहे हे विचारायचा हक्क प्रत्येक पाहुण्याला आहे आणि उत्तर मिळवून द्यायची जबाबदारी तुझी. म्हणून काढा शिजवतानाही बस, वेल ठेचायला मदत कर, दिवसभर चूल सांभाळ, मग तुला माहीत असेल की त्या बाटलीत काय आहे.

एक अवघड विषय टाळून चालणार नाही. या जगात लैंगिक शोषण होतं, स्थानिक उपचार करणाऱ्यांकडूनही आणि परदेशी फॅसिलिटेटरकडूनही. औषधाखाली माणूस लहान मुलासारखा उघडा असतो, समोरचा त्याला देव वाटतो. नियम साधे ठेव. सेरेमनीच्या रात्री न विचारता स्पर्श नाही. बाईच्या छाती-पोटावर "उपचार" म्हणून कोणीही हात ठेवत असेल तर लगेच उठून तिथे जाऊन बसायचं, मग तो माएस्त्रो का असेना. पाहुण्यांशी प्रेमप्रकरण नाही, सेरेमनी संपल्यावर काही महिनेसुद्धा नाही. आणि ज्या सेंटरवर तू हे बोललास तर "इथली संस्कृती तुला कळत नाही" असं उत्तर मिळेल तिथून बॅग उचल. मी शिपिबो बायकांकडून ऐकलंय की ही त्यांची संस्कृती नाही, त्यांना त्याची लाज वाटते.

त्यांच्या बाजूनेही बघ जरा. 2008 मध्ये पेरूने आयावास्काचं पारंपरिक ज्ञान आणि वापर राष्ट्राचा सांस्कृतिक वारसा म्हणून जाहीर केलं. त्याच्या कितीतरी आधी, 1986 मध्ये, एका अमेरिकन माणसाला या वेलीच्या एका वाणावर पेटंट मिळालं होतं, अॅमेझॉनच्या आदिवासी संघटनांनी त्याला आव्हान दिलं, 1999 मध्ये ते रद्द झालं आणि 2001 मध्ये परत बहाल झालं. आपल्याला ही गोष्ट ओळखीची आहे. हळदीच्या पेटंटवर डॉ. माशेलकरांच्या काळात सीएसआयआर ही सरकारी संशोधन संस्था लढली आणि 1997 मध्ये ते रद्द करून घेतलं. फरक एवढाच की आपल्यामागे देशाची एवढी मोठी संस्था होती. म्हणून मराठी माणसाने तरी तिथे जाताना "मी हे शिकून माझं करतो" या भावनेने जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आणि 2018 चा एप्रिल. यारिनाकोचाजवळ व्हिक्टोरिया ग्रासिया नावाच्या वस्तीत ओलिव्हिया आरेव्हालो या उपचार करणाऱ्या 81 वर्षांच्या शिपिबो आजींना गोळ्या घालून मारलं. गावकऱ्यांनी संशय धरला एका कॅनेडियन माणसावर, जो हीच वनस्पतिविद्या शिकायला आला होता, आणि जमावाने त्याला मारहाण करून, गळ्याला दोरी लावून मारलं. मी हे भीती घालायला सांगत नाहीये. त्या भागात "शिकायला आलोय" म्हणणाऱ्या परदेशी माणसाकडे लोक कसे बघतात, त्यामागे काय आहे, हे तुला माहीत असावं म्हणून सांगतेय. पहिली दोन वर्षं मला कोणी काही शिकवलं नाही. मी भांडी घासली, पोरांना खेळवलं, बायकांसोबत केने म्हणजे शिपिबो नक्षीचं भरतकाम शिकायला बसले, चुकलं की त्या उसवायला लावायच्या. मग एक दिवस माएस्त्रांनी आपणहून बोलावलं.

आता भारताचं. डीएमटी आपल्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात सायकोट्रॉपिक पदार्थांच्या यादीत आहे. आणणं, बाळगणं, देणं, सगळा गुन्हा, मोठ्या मात्रेला दहा ते वीस वर्षांपर्यंत शिक्षा. काढा "नैसर्गिक" आहे, "आयुर्वेदासारखा" आहे, हे कस्टम्सच्या टेबलावर कोणी ऐकत नाही. ब्राझीलमध्ये सांतो दाइमेसारख्या संप्रदायांना धार्मिक वापराची मुभा आहे, अमेरिकेत एका चर्चला 2006 मध्ये सुप्रीम कोर्टाकडून मिळाली, आपल्याकडे असं काही नाही. मलाही मेसेज येतात, गोव्यात व्हिला घेतलाय ताई, पंधरा लोक आहेत, तुम्ही फक्त या. मी जात नाही. कायदा बाजूला ठेवला तरी तिथे माएस्त्रा नाहीत, काढा कोणी शिजवला माहीत नाही, आणि रात्री कोणाला फिट आली तर पोलिसांच्या भीतीने अँब्युलन्स बोलवायला उशीर होणार. मी आयसीयूत काम केलंय, उशिराने आलेली माणसं मी बघितली आहेत.

मग तू काय करायचं? नोकरी सोडू नकोस एवढ्यात. फॅसिलिटेटरला बहुतेक सेंटरवर राहणं-जेवण आणि थोडे पैसे मिळतात, त्यात पुण्यातला हप्ता निघत नाही. वर्षभर स्पॅनिश कर, रोज. फर्स्ट एड आणि सीपीआरचं नीट ट्रेनिंग घे, नुसता व्हिडिओ बघून नको. एखाद्या हॉस्पिसमध्ये किंवा व्यसनमुक्ती केंद्रात सुट्टीच्या दिवशी जा, तिथे उलटी पुसणं, शांत बसणं, दुसऱ्याच्या वेदनेत आपली गोष्ट न सांगणं, हे सगळं शिकायला मिळतं आणि पेरूचं तिकीट लागत नाही. वडिलांचं जे मोकळं झालं म्हणतोस त्यावर एखाद्या चांगल्या थेरपिस्टकडे बोल, कारण चार सेरेमनीत दार उघडतं, घर झाडून होत नाही, आणि आपलं दुःख ताजं असताना दुसऱ्याचं ऐकायला बसलं की आपण त्याच्यात आपलंच ऐकतो.

त्यानंतरही ओढ तेवढीच राहिली तर एकाच सेंटरवर, एकाच कुटुंबाकडे, तीन महिने स्वयंसेवक म्हणून जा. जाण्याआधी त्यांना विचार की जमीन कोणाची, माएस्त्रोंना पाहुण्यामागे किती मिळतात, वेल कुठून येते आणि नवीन लावता का. कापायजोगी व्हायला तिला कित्येक वर्षं लागतात, आणि मागणीमुळे जवळपासच्या जंगलातली कमी होत चालली आहे. जवळचं हॉस्पिटल किती लांब आणि रात्री बोट कोण चालवतं हेही विचार. उत्तरं देताना समोरचा चिडला तर दुसरं सेंटर बघ.

सामानात गमबूट, मच्छरदाणी, आणि लाल उजेडाची हेडटॉर्च घे, पांढरा झोत मालोकात कोणाच्या तोंडावर पडला तर त्याची अख्खी रात्र बिघडते. पहिले काही आठवडे तुला बहुधा मालोकाच्या बाहेरच ठेवतील, पायऱ्यांपाशी, बादल्या धुवायला आणि टॉयलेटच्या वाटेवर उजेड धरायला. त्या जागेवरून इकारो फार सुंदर ऐकू येतात.